बर्फ तोच, आवाज वेगळा

एम्परर पेंग्विनाच्या मादीने पोटाची घडी उचलली की तिच्या पायांवर ठेवलेले अंडे दिसते. वजन साधारण साडेचारशे ग्रॅम. समोर नर उभा असतो. अंडे तिच्या पायांवरून त्याच्या पायांवर जायचे असते, आणि मधल्या वाटेत ते बर्फावर रेंगाळून चालत नाही. जोडपे नवखे असले तर अंडे निसटते, घरंगळते आणि काही मिनिटांत गोठून तडकते. २००५ साली आलेल्या ‘मार्च ऑफ द पेंग्विन्स’ या माहितीपटातले हे दृश्य जगभरच्या लाखो लोकांनी श्वास रोखून पाहिले.

ते पाहताना सर्वांच्या कानांवर मात्र एकच गोष्ट पडली नाही. फ्रान्समध्ये पडद्यावरची मादी स्वतः बोलत होती, नरही बोलत होता, पुढे पिल्लूही बोलू लागले. अमेरिकेत पक्षी गप्प राहिले आणि मॉर्गन फ्रीमन यांच्या खर्जातल्या, मायाळू आवाजाने त्यांची कहाणी सांगितली. भारतात हिंदीतून पाहणाऱ्यांना ती अमिताभ बच्चन यांनी ऐकवली आणि इथे चित्रपटाचे नाव झाले ‘पेंग्विन्स: अ लव्ह स्टोरी’. पक्षी तेच, बर्फ तोच, कॅमेराही तोच. तरी प्रत्येक ठिकाणचा प्रेक्षक वेगळी समजूत घेऊन घरी गेला.

निसर्गावरचा माहितीपट बघताना आपण समजतो की आपण डोळ्यांनी शिकतो आहोत. प्रत्यक्षात बरेचसे शिकणे कानांवाटे होते. दोन पक्षी माना लववून उभे आहेत, एवढेच चित्र दाखवते. ते प्रेमात आहेत, एकमेकांना ओळखून घेत आहेत की भांडणाच्या बेतात आहेत, हे निवेदक सांगतो आणि आपण ते मानतो. म्हणून निवेदन ही माहितीपटाची सजावट नव्हे, ती त्यातली सर्वांत जोखमीची जागा आहे. पेंग्विनांवर गेली शंभराहून अधिक वर्षे कॅमेरा रोखलेला आहे. त्या काळात माणसाने त्यांच्या तोंडी काय काय घातले आणि काय गाळले, हे तपासले की ही जोखीम नीट कळते.

एका चित्रपटाचे अनेक जन्म

चित्रपटाचे दिग्दर्शक ल्यूक जाके हे शिक्षणाने जीवशास्त्रज्ञ. १९९०च्या दशकाच्या आरंभी, ऐन तरुणपणी, ते पक्ष्यांच्या अभ्यासासाठी अंटार्क्टिकावरच्या द्यूमाँ द'उर्व्हील या फ्रेंच संशोधन तळावर गेले. कॅमेराही त्यांनी तिथेच हाती घेतला. हा तळ आदेली भूमी नावाच्या किनाऱ्यावर आहे. द'उर्व्हील या फ्रेंच दर्यावर्द्याने १८४० मध्ये आपल्या पत्नीचे नाव या किनाऱ्याला दिले, आणि तेच नाव पुढे आदेली या छोट्या पेंग्विनालाही मिळाले. तळाच्या अगदी जवळ एम्परर पेंग्विनांची वीण-वसाहत आहे. हिवाळ्यात माणसांच्या वस्तीपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर अशी वसाहत असणे ही दुर्मीळ गोष्ट आहे, आणि म्हणूनच या पक्ष्याविषयीचे कितीतरी ज्ञान याच एका ठिकाणाहून आलेले आहे.

जाके यांच्या चित्रपटासाठी लोराँ शाले आणि जेरोम मेझाँ हे दोन छायाचित्रकार वर्षभर तिथे राहिले. जानेवारी २००५ मध्ये फ्रान्समध्ये चित्रपट प्रदर्शित झाला. त्यात आईचा आवाज रोमान बोरिंजे हिचा, बापाचा शार्ल बेर्लिंग यांचा आणि पिल्लाचा झ्यूल सित्रुक या मुलाचा होता. संगीत एमिली सिमाँ हिचे, इलेक्ट्रॉनिक बाजाचे. जर्मनीतल्या चित्रपटगृहांतही पेंग्विन असेच स्वतः बोलले.

जानेवारीतच अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात चित्रपट दाखवला गेला. वॉर्नर इंडिपेंडंट आणि नॅशनल जिऑग्राफिक यांनी तो घेतला, आणि बोलणारे पेंग्विन अमेरिकी प्रेक्षकाला चालणार नाहीत असे ठरवून ध्वनिपट्टा बदलला. जॉर्डन रॉबर्ट्स यांनी नवे निवेदन लिहिले, ॲलेक्स वुर्मन यांनी वाद्यवृंदाचे नवे संगीत दिले, फ्रीमन यांनी ते निवेदन वाचले. जूनमध्ये प्रदर्शित झालेल्या या आवृत्तीने अमेरिकेत सुमारे ७ कोटी ७० लाख डॉलरचा गल्ला जमवला. माहितीपटाच्या बाबतीत हे फार दुर्मीळ होते. मार्च २००६ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट माहितीपटाचे ऑस्कर मिळाले.

पहिल्या आवृत्तीत आपण पक्ष्याच्या आत बसतो. दुसऱ्या आवृत्तीत कुणीतरी वडीलधारे माणूस आपल्याला पक्ष्याची गोष्ट सांगते. पहिली उघड कल्पना आहे. पेंग्विन फ्रेंच बोलत नाही हे लहान मुलालाही कळते, त्यामुळे प्रेक्षक तिला काव्य म्हणूनच घेतो. दुसरी वस्तुस्थितीच्या सुरात बोलते. तिच्यात ‘प्रेम’ हा शब्द आला की तो माहिती म्हणून कानात शिरतो. माझ्या मते म्हणूनच दुसरीची जबाबदारी जास्त मोठी आहे.

पक्षी प्रत्यक्षात काय करतो

निवेदन बाजूला ठेवून पक्ष्याचे वर्ष पाहू. एम्परर हा पेंग्विनांतला सर्वांत मोठा, मीटरभराहून उंच. अंटार्क्टिकाच्या ऐन हिवाळ्यात वीण घालणारा हा एकमेव पक्षी. मार्च-एप्रिलमध्ये, समुद्र गोठू लागला की तो पाण्यातून बाहेर येतो आणि पक्क्या बर्फावरून वसाहतीकडे चालू लागतो. हे अंतर काही ठिकाणी पन्नास किलोमीटर, तर काही ठिकाणी शंभराच्याही वर जाते. मे-जूनमध्ये मादी एकच अंडे घालते, नराच्या हवाली करते आणि खाण्यासाठी समुद्राकडे परत निघते.

नर ते अंडे पायांवर, पोटाच्या उबदार घडीखाली, सुमारे ६५ दिवस सांभाळतो. बाहेर तापमान उणे ४० अंशांच्या खाली जाते, वादळी वारे सुटतात, दिवस जवळजवळ मावळलेलाच असतो. वसाहतीत पोहोचल्यापासून मादी परतेपर्यंत, म्हणजे जवळजवळ चार महिने, त्याच्या पोटात बर्फाखेरीज काही जात नाही. त्याचे सुमारे ४० टक्के वजन उतरते. मादी यायच्या आधीच पिल्लू बाहेर आले, तर हा उपाशी बाप आपल्या अन्ननलिकेतून दुधासारखा स्राव काढून त्याला काही दिवस जगवतो.

हे सारे हिवाळ्यातच का? उत्तर पिल्लाच्या वाढीत आहे. त्याला अंगावरची मऊ लव झडून पाण्याला दाद न देणारी पिसे यायला डिसेंबर-जानेवारी उजाडतो. तेव्हा तिथे उन्हाळा असतो, बर्फ फुटलेला असतो, समुद्र खाद्याने भरलेला असतो. पिल्लाने त्या वेळी पाण्यात उतरायचे असेल, तर अंडे हिवाळ्याच्या तोंडावरच घालावे लागते. एवढ्या यातनेमागे हा काटेकोर हिशेब आहे. हा हिशेब कळला की पक्ष्याविषयीचा आदर वाढतोच, कमी होत नाही.

थंडीत नर एकमेकांना बिलगून दाट घोळका करतात. आतल्या भागात तापमान कधी कधी माणसाच्या शरीराइतके वाढते. ‘ते आळीपाळीने एकमेकांना ऊब देतात’ असे निवेदनांत नेहमी ऐकू येते. अंटार्क्टिकातल्या अटका उपसागरावरच्या टाइम-लॅप्स चित्रीकरणाचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसले की दर अर्ध्या-एक मिनिटाने घोळक्यातले पक्षी पाच-दहा सेंटिमीटरचे पाऊल टाकतात आणि ती हालचाल लाटेसारखी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाते. तिथे कुणी म्होरक्या नसतो, पाळ्याही कुणी लावलेल्या नसतात. प्रत्येक जण शेजाऱ्याच्या हालचालीला प्रतिसाद देतो आणि त्यातून हजारो पक्ष्यांची शिस्त उभी राहते. ‘त्याग’ म्हणून ही गोष्ट संपवून टाकली, तर तिच्यातला हा सर्वांत थक्क करणारा भाग प्रेक्षकापर्यंत पोहोचतच नाही.

शंभर वर्षांची सवय

पेंग्विनाला माणूस करण्याची सवय जुनी आहे. कॅप्टन स्कॉटच्या १९१० ते १९१३ च्या मोहिमेत हर्बर्ट पाँटिंग हा छायाचित्रकार होता. त्याने आदेली पेंग्विनांचे चलच्चित्रण केले. १९२४ मध्ये त्यातून ‘द ग्रेट व्हाइट सायलेन्स’ हा मूकपट झाला आणि १९३३ मध्ये ‘नाइन्टी डिग्रीज साऊथ’ हा बोलपट, ज्यात निवेदन खुद्द पाँटिंगचेच आहे. दक्षिण ध्रुवावरून परतताना स्कॉट आणि त्याचे चार सोबती मेले. ती शोकांतिका प्रेक्षकाला पेलावी म्हणून पेंग्विनांची गंमत मध्ये ठेवलेली दिसते. पेंग्विन म्हणजे दोन पायांवर डुलत चालणारा छोटा माणूस, ही प्रतिमा तेव्हाच घट्ट झाली.

त्याच मोहिमेत जॉर्ज मरे लेव्हिक हा डॉक्टरही होता. १९११-१२ च्या उन्हाळ्यात केप अडेअर इथे त्याने आदेली पेंग्विनांची वीण पहिल्यांदा आरंभापासून अखेरपर्यंत पाहिली. त्याला जे दिसले त्याने तो हादरला. तरुण नर मेलेल्या माद्यांशीही समागम करू पाहत होते, पिल्लांना छळत होते. लेव्हिकने वहीतल्या या नोंदींचा काही भाग ग्रीक लिपीत लिहिला, जेणेकरून कुणाही वाचकाला तो सहज कळू नये. नरांच्या टोळ्यांना त्याने गुंडांसाठी वापरतात तो शब्द वापरला. पुढे या नोंदींची एक छोटी पुस्तिका फक्त खासगी वाटपासाठी छापली गेली आणि विसरली गेली. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये तिची प्रत सापडली आणि २०१२ मध्ये ती अभ्यासकांपुढे आली.

आजचे पक्षिशास्त्र या वागण्याचा साधा उलगडा करते. मेलेल्या मादीची निपचित पडलेली शरीरस्थिती समागमाला तयार असलेल्या मादीसारखीच दिसते आणि अननुभवी नर त्या खुणेला फसतो. त्यात दुष्टपणा नाही, विकृतीही नाही. लेव्हिक प्रामाणिक निरीक्षक होता. त्याने पाहिले ते खरे होते, पण ते सांगायला त्याच्याकडे माणसांच्या नीतीचेच शब्द होते. पाँटिंगने पेंग्विनाला भोळाभाबडा ठरवले आणि लेव्हिकने गुंड. दोघांनीही पक्ष्याला आपल्याच समाजात आणून बसवले.

याहून वाईट उदाहरण पेंग्विनांचे नाही, पण ते टाळून पुढे जाता येत नाही. डिस्नेच्या ‘व्हाइट वाइल्डरनेस’ या १९५८च्या निसर्गपटाला ऑस्कर मिळाले. त्यात लेमिंग नावाचे उंदरासारखे प्राणी कड्यावरून थेट पाण्यात उड्या घेताना दिसतात, आणि निवेदक धीरगंभीर आवाजात त्यांच्या अंतर्यामीच्या ओढीविषयी बोलतो. पुढे १९८२ मध्ये कॅनडाच्या दूरचित्रवाणीने उघड केले की ते प्राणी बाहेरून आणलेले होते आणि दृश्य रचलेले होते. लेमिंग सामूहिक आत्महत्या करतात ही खोटी समजूत आजही जगभर टिकून आहे, आणि तिला चित्राइतकेच त्या आवाजानेही बळ दिले.

गोष्ट दुसऱ्यांच्या हाती गेली तेव्हा

२००५च्या सप्टेंबरपर्यंत अमेरिकेत पेंग्विन राजकारणात उतरलेले होते. पारंपरिक कुटुंबव्यवस्थेच्या काही समर्थकांनी हा चित्रपट आपल्या बाजूचा पुरावा म्हणून उचलला. रेडिओवरचे प्रसिद्ध भाष्यकार आणि चित्रपट-समीक्षक मायकेल मेडव्हेड यांनी त्यात एकनिष्ठा, त्याग आणि अपत्यसंगोपन या मूल्यांचे जोरदार समर्थन पाहिले. ओहायोतल्या एका चर्चगटाने तर चित्रपट पाहून त्यावर मनन करण्याचे कार्यक्रम घेतले. एवढी गुंतागुंतीची रचना आपोआप होणे शक्य नाही, म्हणून यामागे निर्मात्याची योजना असली पाहिजे, असाही युक्तिवाद झाला.

पक्ष्यांचे वर्तन या युक्तिवादाला साथ देत नाही. एम्परर एका हंगामापुरता एका जोडीदाराशी एकनिष्ठ असतो. पुढच्या वर्षी बहुतेक पक्षी नवा जोडीदार निवडतात. आदेली भूमीतल्या दीर्घ अभ्यासात जुनाच जोडीदार पुन्हा निवडणाऱ्यांचे प्रमाण सुमारे १५ टक्के भरले. कारणही सरळ आहे. एम्पररला घरटे नसते, त्यामुळे परत येऊन भेटायची ठरलेली जागा नसते, आणि वेळ इतका थोडा असतो की मागच्या जोडीदाराची वाट पाहणे परवडत नाही. जाके यांनी स्वतः मुलाखतीत हीच गोष्ट बजावून सांगितली. निसर्गावर माणसांची नीती लादणे त्यांना बौद्धिक अप्रामाणिकपणाचे वाटले.

त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्क प्राणिसंग्रहालयातल्या रॉय आणि सिलो या दोन नर पेंग्विनांवरचे मुलांचे पुस्तक आले. त्यांनी मिळून एका अंड्यातून टँगो नावाचे पिल्लू वाढवले होते. पेंग्विनांचा दाखला देण्याची ओढ दुसऱ्या बाजूलाही तेवढीच होती. पुढे सिलो एका मादीबरोबर राहू लागला, तेव्हा त्याचीही बातमी झाली. आपापल्या नीतीसाठी पेंग्विनाला साक्षीदार म्हणून उभे करणे कोणत्याही पक्षाने केले तरी चुकीचेच. माणसाला एकनिष्ठ राहायचे असेल किंवा आपल्या मनासारखे प्रेम करायचे असेल, तर त्याचे समर्थन माणसाने माणूस म्हणून करावे. पक्ष्याला त्यात ओढण्याची गरज नाही.

दुःख आणि संप्रेरक

मग निवेदनात भावना नकोच का? इथे मी शास्त्राच्या कोरड्या टोकालाही जाणार नाही.

चित्रपटात एक अंगावर येणारे दृश्य आहे. जिचे पिल्लू मेले आहे अशी मादी दुसरीचे पिल्लू पळवू पाहते. अमेरिकी निवेदन ते दुःखाने बेभान झालेल्या आईचे वागणे म्हणून सांगते. द्यूमाँ द'उर्व्हीलला झालेल्या संशोधनात या वागण्याची एक बाजू उलगडली आहे. एम्परर पालक अन्नासाठी कित्येक दिवस, कधी आठवडे, पिल्लापासून लांब असतात. इतक्या दिवसांनी परत आल्यावरही पालकत्वाची ऊर्मी शाबूत राहायला हवी, म्हणून प्रोलॅक्टिन या संप्रेरकाची पातळी त्यांच्या शरीरात उंचच राहते. पिल्लू मेले तरी ती लगेच उतरत नाही. संशोधकांनी औषधाने ही पातळी खाली आणली, तेव्हा पिल्ले पळवण्याचे प्रमाण घटले.

यावरून त्या मादीला दुःख होत नाही असे सिद्ध होते का? होत नाही. माणसाच्या आईतही हेच संप्रेरक असते आणि त्यामुळे तिची माया खोटी ठरत नाही. प्राइमेटतज्ज्ञ फ्रान्स द वाल यांनी दोन चुकांविषयी सावध केले होते. प्राण्यावर माणसाच्या भावना सरसकट चढवणे ही एक चूक. माणूस आणि प्राणी यांच्यात काही साम्यच नाही असे हट्टाने मानणे ही दुसरी, आणि तीही तेवढीच अशास्त्रीय. चांगला निवेदक या दोन्हींमधून वाट काढतो. मादी काय करते ते तो नेमके सांगतो, त्यामागे ठाऊक असलेले कारण सांगतो, आणि तिच्या मनात काय चालले आहे याचा निकाल स्वतः देत नाही. मग त्या दृश्याचे दुःख प्रेक्षकाला आपोआप जाणवते. निवेदकाने ते आधीच नाव देऊन ठेवलेले नसते, त्यामुळे ते जास्त खोलवर जाते.

ज्याचा आवाज आपण झाकतो

पेंग्विनावरच्या निवेदनाचा विचार करताना सर्वांत विलक्षण गोष्ट पुढे येते ती अशी: एम्पररचे सारे कुटुंबच आवाजावर उभे आहे.

घरटे नाही, ठरलेली जागा नाही, हजारो पक्षी दिसायला सारखे, आणि घोळका सतत हलता. अशात समुद्रावरून परतलेली मादी आपला नर शोधते ती त्याच्या हाकेवरून. पिल्लू आईबापांना ओळखते तेही हाकेवरूनच. पक्ष्यांचा स्वरयंत्र म्हणता येईल असा अवयव श्वासनलिका दुभंगते तिथे असतो आणि त्याला दोन शाखा असतात. एम्परर दोन्ही शाखांतून एकाच वेळी किंचित वेगळ्या उंचीचे दोन स्वर काढतो. तंबोऱ्याच्या दोन तारांत सूक्ष्म फरक राहिला की जी थरथर ऐकू येते, तशी थरथर या दोन स्वरांतून उमटते, आणि ती प्रत्येक पक्ष्याची वेगळी असते. फ्रेंच संशोधक तिएरी ओबँ आणि पिएर जुव्हांतँ यांनी सहकाऱ्यांसह ध्वनिमुद्रणे बदलून, त्यातला एक स्वर काढून टाकून, ती पक्ष्यांना ऐकवली. दोनांतला एक स्वर गेला की ओळख पटत नव्हती.

ही हाक ऐकू आली नाही, तर अंड्यासाठी चार महिने उपाशी राहिलेला नर आणि पोट भरून परतलेली मादी एकमेकांना चुकतात, आणि पिल्लू मरते. पेंग्विनाच्या जगात आवाज म्हणजे जीव. आणि आपण त्या जगावर चित्रपट काढतो तेव्हा सर्वांत आधी हाच आवाज वाद्यवृंदाखाली आणि निवेदनाखाली दाबतो. त्यातच निसर्गपटांमध्ये लांबून, मोठ्या भिंगातून टिपलेल्या दृश्यांना पावलांचा, पिसांचा आवाज बऱ्याचदा स्टुडिओत तयार करून जोडतात. तसे करायला तांत्रिक कारणे आहेत आणि त्यात सरसकट फसवणूक नाही. पण पेंग्विनावरच्या चित्रपटात निदान एकदा, हाकेच्या वेळी, निवेदकाने गप्प बसलेच पाहिजे.

असे करता येते हे इतरांनी दाखवले आहे. क्लोद न्यूरिदसानी आणि मारी पेरेनू यांचा ‘मायक्रोकॉसमॉस’ हा १९९६चा कीटकांवरचा चित्रपट जवळजवळ निवेदनाशिवाय उभा आहे आणि तरी प्रेक्षक त्यात गुंतून राहतो.

न सांगितलेली बाजू

निवेदनाची परीक्षा त्याने काय सांगितले यावर होते, तशी काय वगळले यावरही होते. ‘मार्च ऑफ द पेंग्विन्स’मध्ये हवामानबदलाचा उल्लेख नाही. चित्रीकरण झाले त्याच वसाहतीची आकडेवारी मात्र आधीच प्रसिद्ध होती. क्रिस्तोफ बार्ब्रो आणि आँरी वेमेर्स्कर्श यांनी २००१ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवून दिले होते की १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात ही वसाहत सुमारे निम्म्याने घटली. त्या काळात तिथे दीर्घकाळ उबदार हवामान राहिले, समुद्रावरचा बर्फ कमी झाला आणि प्रौढ पक्षी अधिक संख्येने मेले.

जाके यांना हे माहीत होते. लोकांना उपदेश करून काही होत नाही, त्यांच्यापर्यंत पोहोचायचे इतर मार्ग शोधले पाहिजेत, अशी त्यांची भूमिका होती. आधी माया निर्माण करावी आणि मग धोका सांगावा, हा मार्ग समजण्यासारखा आहे. पुढे २०१५ मध्ये त्यांनी हिमशास्त्रज्ञ क्लोद लोरियूस यांच्यावर चित्रपट केला. अंटार्क्टिकाच्या बर्फातून पृथ्वीच्या हवामानाचा इतिहास वाचणाऱ्या या शास्त्रज्ञाचा तो चित्रपट कान महोत्सवाच्या समारोपाला दाखवला गेला आणि त्यात हवामानबदलच मध्यभागी होता.

दरम्यान वेळ निघून जात होता. २०१२ मध्ये उपग्रहांच्या छायाचित्रांवरून एम्परर पेंग्विनांची पहिली सर्वंकष मोजणी प्रसिद्ध झाली. ४६ वसाहती, सुमारे ५ लाख ९५ हजार पक्षी. २०२२ च्या उत्तरार्धात बेलिंग्सहाउझेन समुद्रात बर्फ इतक्या लवकर फुटला की तिथल्या पाचपैकी चार वसाहतींत एकही पिल्लू वाचले नसावे, असा निष्कर्ष ब्रिटिश संशोधकांनी काढला. पाण्याला दाद न देणारी पिसे यायच्या आतच पायाखालचा बर्फ गेला होता. त्याच वर्षी अमेरिकेने या पक्ष्याला आपल्या कायद्याखाली धोक्यातली प्रजाती म्हणून नोंदवले. आज एम्पररवर नवा चित्रपट करणाऱ्याला हे वगळून केवळ शौर्यगाथा सांगता येणार नाही. तसे केले तर गोष्ट अर्धवट राहील, आणि अशा विषयात अर्धवट गोष्ट दिशाभूल करते.

दोन वेगळे निवेदक

डेव्हिड ॲटनबरो यांचे निवेदन या सगळ्यात वेगळे उठून दिसते. १९९३च्या ‘लाइफ इन द फ्रीझर’पासून पुढे कितीतरी मालिकांत त्यांनी पेंग्विन सांगितले. वाक्ये छोटी, वर्तमानकाळ, आधी वस्तुस्थिती, मग थोडी शांतता. भावना त्यांना वर्ज्य नाहीत, पण त्या माहितीच्या मागून येतात. बीबीसीच्या ‘डायनॅस्टीज’ या २०१८च्या मालिकेसाठी लिंडसे मॅक्रे यांच्यासह छोटे पथक अटका उपसागराजवळच्या जर्मन तळावर पूर्ण हिवाळा राहिले. वादळानंतर काही पक्षी पिल्लांसह बर्फाच्या घळीत अडकले, तेव्हा पथकाने बर्फात उतार खणून दिला. पक्षी स्वतःच्या पायांनी वर आले. निसर्गात ढवळाढवळ न करण्याचा दंडक मोडला, आणि ते प्रेक्षकापासून लपवले नाही. कॅमेऱ्यामागे माणसे आहेत, त्यांनाही निर्णय घ्यावे लागतात, हे सांगणे हाही निवेदनाच्या सचोटीचा भाग आहे.

दुसरे टोक दिग्दर्शक वेर्नर हर्झॉग यांचे. २००७च्या ‘एन्काउंटर्स ॲट द एंड ऑफ द वर्ल्ड’मध्ये ते सुरुवातीलाच सांगतात की पेंग्विनांवरचा आणखी एक चित्रपट आपण करणार नाही. तरी त्यात एक आदेली येतो, जो समुद्राकडे किंवा वसाहतीकडे न जाता एकटाच दूरच्या डोंगरांच्या दिशेने, म्हणजे मृत्यूच्या दिशेने, चालू लागतो. तज्ज्ञ डेव्हिड एन्ली सांगतात की पक्षी कधी कधी दिशा चुकतात. हर्झॉग मात्र वेडाचा प्रश्न विचारतात. फरक असा की ते तो आपला प्रश्न म्हणून विचारतात, शास्त्रज्ञाचे उत्तर शेजारीच ठेवतात आणि निवड आपल्यावर सोपवतात. निवेदक स्वतःचे मत जरूर सांगू शकतो. ते त्याचे आहे हे कळले की पुरे.

आपल्या भाषेतले निवेदन

मराठी माणसाचा अंटार्क्टिकाशी संबंध दूरचा वाटतो, पण तो तसा नाही. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहून निघाली. ‘मैत्री’ आणि ‘भारती’ या भारतीय तळांचे काम आजही वास्को-द-गामा इथल्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातून चालते. भायखळ्याच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात, म्हणजे आपल्या राणीच्या बागेत, २०१६ मध्ये हम्बोल्ट पेंग्विन आले. मुंबईच्या कितीतरी मुलांनी पहिला जिवंत पेंग्विन तिथेच पाहिला. हा पक्षी पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचा, बर्फाशी त्याचा संबंध नाही. जगात पेंग्विनांच्या अठराच्या आसपास जाती आहेत आणि त्यातली एक तर विषुववृत्तावरच्या गालापागोस बेटांवर राहते. तरी काचेसमोर उभ्या मुलाच्या मनात पेंग्विन म्हणजे बर्फ हेच पक्के असते, कारण पडद्यावरच्या आवाजाने त्याला तेवढेच सांगितलेले असते.

मराठीत निसर्ग सांगण्याची भाषा तयार आहे. मारुती चितमपल्ली यांनी जंगलातल्या माणसांकडून पक्ष्यांची, झाडांची नावे गोळा केली, त्यांची सवय-वागणूक अनेक वर्षांच्या वनसेवेतून टिपली आणि ‘पक्षिकोश’ उभा केला. व्यंकटेश माडगूळकरांनी रानातले जनावर आहे तसे, त्याच्यावर आपली नीती न लादता लिहिले. ही परंपरा आपल्याकडे असताना, मराठी ध्वनिपट्ट्यासाठी परभाषेतली संहिता घाईने भाषांतरित करून एखाद्या लोकप्रिय नटाकडून वाचून घेणे पुरेसे नाही. माझी निर्मात्यांना आणि वाहिन्यांना विनंती आहे की मराठी निवेदन पक्ष्यांच्या अभ्यासकाच्या नजरेखालून जाऊ द्यावे, लिहिणाऱ्याचे नाव वाचणाऱ्याइतक्याच ठळकपणे दाखवावे, आणि पक्ष्याच्या हाकेसाठी मोकळी जागा ठेवावी.

प्रेक्षकांनाही एक विनंती. मुलांबरोबर निसर्गपट बघताना मध्येच थांबवून विचारा: हे आपण डोळ्यांनी पाहिले, की आपल्याला कुणी सांगितले? मुले हा फरक पटकन ओळखतात. तो ओळखायला शिकलेला प्रेक्षक पेंग्विनावर प्रेम करायचे सोडत नाही. तो त्या पक्ष्यावर, त्याच्या खऱ्या रूपावर, अधिक जाणतेपणाने प्रेम करतो, आणि एम्पररला आज अशाच प्रेक्षकांची गरज आहे.